चित्रात काय आहे?

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर मी टाकलेल्या पहिल्या फोटोला एकच उत्तर आलं, तेही तीन शब्दांचं. ‘चित्रात काय आहे?’

मला रागच आला. फोटो चांगला निघाला होता. मागच्या भिंतीच्या फटीतलं शेवाळ, पाऊस नुकताच थांबलेला, टोकाटोकावर थेंब. यात काय आहे ते वेगळं सांगायचं? ‘दिसतंय की समोर,’ असं लिहून मी मोकळी झाले. पाच मिनिटांनी उत्तर आलं: ‘तुम्हाला दिसतंय, मला नाही. मी स्क्रीनरीडरवर ऐकतो, ते पडद्यावरचं वाचून दाखवणारं यंत्र. तुमच्या फोटोबद्दल यंत्र मला “चित्र” एवढंच सांगतंय, म्हणून विचारलं.’

तीस वर्षं मुद्रितशोधन करतेय. दुसऱ्यांच्या मजकुरात काय गळलंय ते शोधण्याचेच मला पैसे मिळतात. आणि स्वतःच्या पोस्टीत अख्खा परिच्छेद गळलेला, तो मला दिसला नव्हता. वर मी त्या माणसाला ‘दिसतंय की’ म्हणाले होते. कान तापले. माफी मागितली. फोटोखाली पोस्ट दुरुस्त करायची सोय आहे हे शोधलं (ती २०२२ पासून आहे, आणि माझ्यासारखीला ती मिळाली नसती तर मी दुसऱ्या दिवशीच परत गेले असते) आणि वर्णनाच्या चौकटीत लिहिलं: ‘भिंतीवरचं हिरवं शेवाळ.’

‘बरं,’ असं उत्तर आलं. त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं ते मला पुढच्या काही महिन्यांत कळत गेलं.

ही गोष्ट २०२३ च्या सुरुवातीची. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं आणि त्यानंतर लोकांचे लोंढे मॅस्टोडॉनकडे आले. मी त्या लोंढ्यातली नव्हे, ट्विटरवर मी कधी नव्हतेच. माझं बिऱ्हाड भलतीकडे होतं, नाव घेत नाही. तिथे बारा वर्षं काढली. शेवटी काय झालं, तर एका जवळच्या मैत्रिणीची आई गेल्याची बातमी मला अकरा दिवसांनी दिसली. तिनं ती पहिल्याच दिवशी लिहिली होती. त्या अकरा दिवसांत मी तिथे रोज जात होते आणि रोज मला एकच सोफा दाखवला जात होता. मी सोफा घेणार नव्हते. मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘मला वाटलं तू मुद्दाम गप्प आहेस.’ त्या रात्री खातं बंद केलं.

मॅस्टोडॉनचं नाव भाच्यानं सांगितलं. खातं उघडताना पहिलाच प्रश्न, सर्व्हर कुठला? इथे एक कंपनी, एक दार असं नाही. हजारो सर्व्हर आहेत. कुणी एकट्यानं चालवलेले, कुणी पाचपंचवीस जणांनी मिळून. कुठल्याही एकावर नाव नोंदवायचं आणि तिथून बाकी सगळ्यांशी बोलायचं. हे समजावताना जो तो ईमेलची उपमा देतो. मला तिचा काही उपयोग झाला नाही, कारण ईमेल कशी चालते हे तरी मला कुठे ठाऊक होतं! शेवटी मी ते माझ्या धंद्यातून लावून घेतलं. छापखाने पुष्कळ, मालक वेगवेगळे, टाइप वेगवेगळा, पण लेखनाचे नियम एक, म्हणून एकाकडे छापलेलं दुसऱ्या गावच्या माणसाला वाचता येतं. इथे त्या नियमांचं नाव ॲक्टिव्हिटीपब. डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था, तिनं जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मॅस्टोडॉन त्याच्या आधीचं, २०१६ चं. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणानं ते सुरू केलं. आणि हेच नियम पाळणारे आणखीही आहेत, फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, पुस्तकांच्या गप्पांसाठी बुकविर्म. या सगळ्या पसाऱ्याला फेडिव्हर्स म्हणतात. शुद्धलेखनाचे नियम सगळे मान्य करतात आणि ज्याला जे सोयीचं ते पाळतो, तसंच इथेही थोडंफार चालतं, हे पुढे कळलं.

मी भाच्याला म्हटलं, तूच निवड. त्यानं एक लहानसा सर्व्हर निवडला, दोनअडीचशे माणसांचा. मग नाव. खात्याचं नाव फक्त रोमन अक्षरांत घेता येतं, देवनागरी चालत नाही. दर्शनी नाव मराठीत लिहिता येतं, पण पत्त्यातलं नाही. माझ्या नावात ‘ळ’ आहे. रोमनमध्ये त्याचं काय करायचं यात अर्धा तास गेला. शेवटी ‘ल’वर समाधान मानलं. ते अजून बोचतं.

आत गेले तर काहीच नाही. अगदी कोरं पान. जुन्या ठिकाणी दार उघडलं की अंगावर माणसं, मांजरी, सोफे धावून यायचे. इथे कुणाला फॉलो केलं नसेल तर घरच्या टाइमलाइनवर काही येतच नाही, आणि ज्यांना केलं त्यांचं जे येतं ते वेळेच्या क्रमानं. कुणी काही निवडून पुढे करत नाही. मला हेच हवं होतं ना? हवं होतं, पण पहिले आठ दिवस मी त्या कोऱ्या पानाकडे बघत बसायचे आणि आपलं काही चुकलंय असं वाटायचं.

चुकतही होतं. एका वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाचं खातं सापडलं. उघडून पाहिलं तर आत एकही पोस्ट नाही. म्हटलं, हाही माझ्यासारखाच नवखा. भाच्यानं तेच खातं त्या माणसाच्या सर्व्हरवर जाऊन उघडून दाखवलं, तिथे दोन हजारांवर पोस्टी! त्याचं असं आहे की आपल्या सर्व्हरवरचं कुणीतरी त्या माणसाला फॉलो करू लागलं की तिथून पुढच्या पोस्टी आपल्याकडे यायला लागतात. मागचं आपोआप येत नाही. लहान सर्व्हरवर फॉलो करणारे कमी, म्हणून बाहेरचं जग ओसाड दिसतं. ओसाड नसतं, आपल्याकडे त्याची प्रत आलेली नसते.

याच कारणानं माझं एकदा चांगलंच हसं झालं. कुणीतरी छतावरच्या राखाडी खपल्यांचा फोटो टाकून विचारलं, हे कसलं शेवाळ? एकही उत्तर दिसत नव्हतं. मी उत्साहानं दहा ओळी लिहिल्या, की हे शेवाळ नव्हे, हे लायकेन, म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधारानं राहतात ते. त्यांनी नम्रपणे लिहिलं, ‘धन्यवाद. हे सांगणाऱ्या तुम्ही चौदाव्या.’ आधीची तेरा उत्तरं त्यांच्या सर्व्हरवर होती, माझ्याकडे पोचलीच नव्हती. अलीकडच्या आवृत्त्यांनी ही तूट बरीचशी भरून काढलीय. पण मला लागलेली सवय राहिली. कुणाला काही शिकवण्याआधी मी मूळ सर्व्हरवर जाऊन बघून येते. सवय वाईट नाही.

शेवाळाकडे मी कशी वळले ते सांगायला हवं. माझ्याकडे एक भिंग आहे, छपाईतले ठिपके तपासायचं. रंगांची छपाई नीट एकावर एक बसलीय का, हे त्यातून कळतं. एकदा छापील फर्मे वाळत असताना वेळ घालवायला म्हणून ते भिंतीला लावलं. त्या दहापट वाढलेल्या वर्तुळात एक जंगल होतं. मग फोनला लावायची भिंगाची चिमटी घेतली, आणि घरच्यांना वीट येईल इतके फोटो काढले. ते दाखवायला माणसं हवी होती. एवढीच माझी गरज होती, आणि तेवढ्यासाठी जगात जागा असेल असं वाटलं नव्हतं.

जागा होती. मॉस (शेवाळाचं इंग्रजी नाव) आणि मॅस्टोडॉन यांचा संधी करून इथल्या शेवाळवेड्यांनी ‘मॉसटोडॉन’ असा हॅशटॅग केलाय. आवृत्ती चार आल्यापासून माणसांसारखंच हॅशटॅगलाही फॉलो करता येतं. तो केला आणि कोरं पान दोन दिवसांत हिरवं झालं. जगभरातले लोक, बहुतेक इंग्रजी, जर्मन, मधूनच जपानी. मला कळो न कळो, फोटो कळत होते. मी मराठीतही एक हॅशटॅग सुरू केला, #भिंतीवरचं_शेवाळ. मधली ती आडवी रेघ का, तर तीही प्रश्नकर्त्यांनी शिकवलेली गोष्ट. (‘चित्रात काय आहे’वाल्या गृहस्थांना मी मनातल्या मनात प्रश्नकर्ते म्हणते.) इंग्रजीवाले जोडशब्दाच्या हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, म्हणजे स्क्रीनरीडरला शब्द सुटे वाचता येतात. आपल्याकडे लहानमोठी अक्षरं नाहीतच. मग रेघ द्या, नाहीतर यंत्र सगळ्याची एक लांबलचक लाळ करून म्हणतं. ‘लाळ’ हा शब्द त्यांचा.

आता त्या ‘बरं’कडे येते.

दुसऱ्या फोटोला मी जास्त लिहिलं. ‘विटांच्या फटीत वाढलेलं गर्द हिरवं शेवाळ, त्यातून वर आलेले तांबूस तंतू.’ त्यांनी विचारलं, तंतू म्हणजे केसासारखे की गवतासारखे? किती उंच? टोकाला काही आहे की नुसतेच? मी परत भिंतीशी गेले. भिंग लावलं. टोकाला होतं की! पेअरच्या आकाराचं, नखाच्या टोकावर पाचसहा मावतील एवढं, आणि मान टाकलेलं. फोटो मी काढला होता, पण हे मी पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यानं पाहिलं होतं.

प्रश्नकर्त्यांना विसाव्या वर्षापर्यंत दिसत होतं. रंग त्यांना आठवतात. ‘पण शेवाळाकडे कोण बघतं? पाय घसरला तरच बघायचं,’ असं त्यांनी एकदा लिहिलं. त्यामुळे त्यांना नुसतं ‘हिरवं’ सांगून भागत नाही. कुठलं हिरवं? ओल्या बाटलीचं, की कोवळ्या पानाचं? मॅस्टोडॉनवर पोस्टीला सहसा ५०० अक्षरांची मर्यादा असते, आणि चित्राच्या वर्णनाला १५००. म्हणजे चित्राला मजकुराच्या तिप्पट जागा. ही रचना कुणाच्या डोक्यातून आली ठाऊक नाही, पण माझा सगळा मुक्काम त्या तिप्पट जागेत आहे.

एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेनं एके दिवशी मध्येच तोंड घातलं. ‘तुम्ही तंतू म्हणताय ती बीजाणुधानीची दांडी. तंतू खाली असतात, मुळांसारखे, त्यांना मूलाभ म्हणतात.’ मग आमची शब्दांवर जी जुंपली! मुळात शेवाळ म्हणायचं का? पाठ्यपुस्तकात शैवाल म्हणजे अल्गी, तळ्यातलं. बोलण्यात आपण तळ्यातल्याला, पायरीवरच्याला आणि भिंतीवरच्याला सरसकट शेवाळच म्हणतो. बाई म्हणाल्या, मॉस म्हणा. मी म्हटलं, भिंतीवरच्याला माझी आजी शेवाळ म्हणायची, मी शेवाळच म्हणणार, वाटल्यास कंसात मॉस लिहीन. तीन दिवस हे चाललं. आणखी चारपाच जण आले. एक मूर्तिकार, एक रात्रपाळीचे कंपाउंडर, एक कॉलेजातली मुलगी जिला नुसतं भांडण वाचायला आवडत होतं. शेवटी आमच्यापुरतं ठरलं ते असं: वर येते ती दांडी, टोकाला कुपी (बाईंची बीजाणुधानी), कुपीला झाकण, झाकणावर टोपी. झाकण उडालं की कुपीच्या तोंडाशी दिसतात ते दात. ही टोपी म्हणजे कॅलिप्ट्रा. कुपी पिकत आली की टोपी गळून पडते. शास्त्रीय मराठीत याला काय काय जड शब्द असतील ते असोत. कानाला ऐकून चित्र उभं राहिलं पाहिजे ही अट होती, आणि ते उभं राहतंय की नाही हे ठरवणारे एकच, प्रश्नकर्ते. ‘दात’ त्यांनी लगेच पास केला. ‘बीजाणुधानी’ला म्हणाले, ‘हे ऐकून मला पानदानी दिसली.’

माझी दुसरी मोठी चूकही त्यांनीच पकडली. महिनाभर मी लिहीत होते ते मराठीत, पण पोस्टीची भाषा म्हणून खाली निवडलेलं होतं इंग्रजी. मी त्या खुणेकडे कधी बघितलंच नाही. सर्व्हर ती खूण पोस्टीला चिकटवून पाठवतो, आणि कुठल्या आवाजात वाचायचं हे स्क्रीनरीडर त्या खुणेवरून ठरवतो. प्रश्नकर्त्यांचं यंत्र माझी देवनागरी इंग्रजी आवाजाच्या तोंडी देत होतं. तो आवाज अडखळायचा, काही गाळायचा, मग ते हातानं आवाज बदलून पुन्हा ऐकायचे. प्रत्येक पोस्ट. महिनाभर. ‘आधी का नाही सांगितलंत?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘आधीच एवढे प्रश्न विचारले होते.’

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून हे सांगत सुटलेय, आणि इथेही सांगते: पोस्ट लिहायच्या चौकटीत भाषेची खूण असते, ती मराठी करा. हिंदीही नको, मराठी. कुणी एखाद्याच्या फक्त मराठी पोस्टी मागवायच्या ठरवल्या तर त्याही त्याच खुणेवरून निवडल्या जातात.

सगळं असं गोडच चाललं होतं असं नाही. इथे खासगी निरोप म्हणून जे आहे ते कुलूपबंद पाकीट नव्हे. ती साधी पोस्टच असते, फक्त ज्यांचा उल्लेख केलाय त्यांनाच दिसणारी. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो वाचू शकतो. हे मला माहीत होतं. पण ‘ज्यांचा उल्लेख केलाय त्यांनाच’ यातली मेख माझ्या लक्षात आली नव्हती. मी शिक्षिकाबाईंना खासगीत लिहिलं की मूर्तिकारांची वर्णनं फार लांबतात, वाचता वाचता शेवाळ वाळून जातं. आणि मूर्तिकारांचं नाव लिहिलं ते पत्त्यासकट, पुढे @ चिन्ह लावून. सवयीनं. ती चुगली त्याच क्षणी ज्याची केली त्याच्या हातात पडली.

दोन तास काही आलं नाही. मग आलं, तिघांनाही दिसेल असं: ‘मान्य. कुठे कापू?’ मी लाल पेन घेऊन बसले. त्यांच्या एका वर्णनातले ‘अत्यंत’, ‘अप्रतिम’ आणि ‘जणू काही’ काढले, ते निम्म्यावर आलं. तेव्हापासून ते मला कच्चं वर्णन आधी पाठवतात. अजूनही ‘जणू काही’ येतो. मी काढते.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या सर्व्हरच्या ॲडमिननं लिहिलं की तो थकलाय. नोकरी बदललीय, घरी लहान बाळ आहे, आणि डिस्क भरत चाललीय. ही डिस्कची भानगड मला तेव्हा कळली. आपण बाहेरच्या ज्यांना ज्यांना फॉलो करतो त्यांच्या फोटोंच्या प्रती आपल्या सर्व्हरवर साठत जातात. म्हणजे मी जगभरचं शेवाळ त्या बिचाऱ्याच्या डिस्कवर उगवत होते. आम्ही काही जण वर्गणी द्यायचो, पण पैशांपेक्षा रात्री दोनला उठून सर्व्हर चालू करणारं माणूस महाग. त्यानं तीन महिन्यांची मुदत दिली. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत असलेल्या सर्व्हरांनी बंद करताना तेवढी आगाऊ सूचना देण्याचं कबूल केलेलं असतं. सगळेच पाळतात असं नाही, यानं पाळलं. मी त्याला कधी भेटले नाही, त्याचं खरं नावही मला ठाऊक नाही. निरोपाच्या पोस्टीत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. मी ती काढायला सांगितली नाही. माझ्याकडून हे फार झालं.

मग बिऱ्हाड हलवलं. नव्या सर्व्हरवर खातं काढायचं, तिथे जुन्याची ओळख नोंदवायची, मग जुन्यावर जाऊन ‘मी तिकडे चालले’ म्हणायचं. आपल्याला फॉलो करणारे आपोआप नव्या पत्त्यावर येतात. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी उतरवून नेता येते. पोस्टी मात्र येत नाहीत. त्यांची एक गठडी करून आपल्यापाशी ठेवता येते, पण नव्या घरी मांडता येत नाही. माझी दीड वर्षाची वर्णनं त्या गठडीत आहेत. मध्यंतरी उघडून बघितली. कंसांच्या आणि अवतरणचिन्हांच्या गर्दीत मधूनच ‘टोपी अजून शाबूत आहे’ असं एखादं वाक्य.

मी चरफडले. प्रश्नकर्ते म्हणाले, ‘मी तर ऐकलीत सगळी.’

माणसं आली, एक सोडून. रात्रपाळीच्या कंपाउंडरांचा सर्व्हर आणि माझा नवा सर्व्हर यांच्यात काहीतरी बिनसलं होतं. एका सर्व्हरला दुसरा पूर्ण बंद करता येतो, आणि त्याची गरजही असते. द्वेष ओकणारे सर्व्हर असेच बाहेर ठेवले जातात. २०१९ मध्ये गॅब नावाचं ठिकाण मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन आलं तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याला असंच दार लावलं. तेव्हा बरं झालं असंच म्हणावं लागेल. पण दोन ॲडमिनांच्या भांडणात सुक्याबरोबर ओलंही जळतं. कंपाउंडर माझ्या यादीतून गेले आणि मला महिनाभर पत्ताही नव्हता. मला वाटलं, रुसले. (४.३ या आवृत्तीपासून अशी नाती तुटली की सूचना येते. ती आली तोवर आमचं तुटून झालेलं होतं.) प्रश्नकर्त्यांच्या मध्यस्थीनं निरोप गेला आणि कंपाउंडरांनी तिसऱ्याच सर्व्हरवर दुसरं खातं काढलं. म्हणाले, ‘शेवाळ बघायला दोन खाती, घरी कळलं तर काय म्हणतील!’

आणखी एक कुरकुर. इथे उपदेश फार. नवा माणूस आला की त्याला दहा जण सांगतात, वर्णन घाल, भाषा लाव, राजकारणाच्या पोस्टीवर आधी इशाऱ्याची पट्टी लाव. सगळं बरोबर असतं, पण दहा जणांनी एकदम सांगितलं की माणूस पळतो. मी स्वतः या दहांतली झाले होते. एका मुलानं सूर्यास्ताचा फोटो टाकला, मी खाली नियम लिहिला, तो पुन्हा दिसलाच नाही. मग आठवलं की मला कुणी नियम सांगितलाच नव्हता. मला प्रश्न विचारला होता. आता मीही तोच विचारते, किंवा स्वतःच चार ओळींचं वर्णन लिहून देते आणि म्हणते, हवं तर वापरा. बरेचसे वापरतात. एकानं ‘नारिंगी’च्या जागी ‘केशरी’ केलं आणि मला बरं वाटलं, म्हणजे त्यानं वाचलं होतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात रोख्को मॅस्टोडॉनच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. मोठी बातमी होती, बाहेर बरीच चर्चा चालली होती म्हणे. माझ्या टाइमलाइनवर त्या दिवशी काय होतं ते मी मुद्दाम मागे जाऊन बघितलं. रुपेरी शेवाळ, ब्रायम अर्जेंटियम. फरशांच्या फटीत, डांबराच्या कडेला, जगात जवळजवळ कुठेही उगवतं ते. पानांच्या टोकांना हरितद्रव्य नसतं म्हणून चंदेरी दिसतं. ‘चंदेरी’ म्हणायचं की ‘राखाडी’ यावर शिक्षिकाबाई आणि मूर्तिकार भांडत होते, आणि कॉलेजातली मुलगी, जी आता नोकरीला लागलीय, दोघांनाही हवा देत होती.

गेल्या पावसात प्रश्नकर्त्यांनी एक पोस्ट टाकली. फोटो नव्हता. एवढंच होतं:

‘मागच्या दाराशी नळाखालच्या दगडावर आज हात ठेवला. मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखं लागलं, पण गार. कडेला पातळ, मध्ये उशीसारखं. त्यातून बारीक दांड्या वर आल्यात, बोटानं दाबल्या की वाकतात आणि सोडल्या की परत उभ्या राहतात. टोकाला कुप्या आहेत. टोप्या बहुतेक गेल्या. #भिंतीवरचं_शेवाळ’

भिंतीवरचं नव्हतं, दगडावरचं होतं. मी काही बोलले नाही. कुणा नव्या खात्यावरून खाली आलं, ‘फोटो टाका ना!’ कुणी त्याला काही समजावलं नाही. थोड्या वेळानं शिक्षिकाबाईंनी लिहिलं, ‘कुप्या ताठ आहेत की माना टाकलेल्या? त्यावरून कुठलं ते कळेल.’

‘थांबा, बघून सांगतो,’ त्यांनी लिहिलं.